तसबीर घेताना: आधी टेप, मग चित्र, मग चौकट

चित्र आवडलं की तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘केवढ्याला?’ त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असतो, ‘केवढं?’ मी तो विचारला नव्हता. डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी मला फार आवडायची, म्हणून पहिलीवहिली प्रतिकृती तिचीच मागवली. भिंत मोठी होती, म्हणून उंची निवडली ९० सेंटीमीटर. मूळ चित्र आहे ४४.५ × ३९ सेंटीमीटरचं, म्हणजे त्यातला चेहरा साधारण खऱ्या माणसाएवढा. माझ्या भिंतीवर तो दुप्पट झाला. खोलीत कुठेही बसा, एवढा मोठा चेहरा मान वळवून आपल्याकडे रोखून बघतोय. छपाई उत्तम होती, फ्रेमही चांगली होती. तरी तीन महिन्यांत मी ती उतरवली.

मूळ चित्र घरी येणार नसतं, हे उघड आहे. त्यातलं काय घरी आणायचं, एवढंच आपल्या हातात उरतं: आकार, रंग, की रंगाच्या थरांचा पोत. तिन्ही एकदम क्वचितच मिळतात, आणि एक धरलं की दुसरं थोडं सोडावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निवडीभोवती फिरतात, म्हणून आपल्याला काय हवंय ते मनाशी आधी ठरवा.

पायरी १: भिंत मोजा

भिंतीची मोकळी जागा टेपने मोजा, खाली सोफा किंवा पलंग असेल तर त्याचीही रुंदी घ्या. सोफ्यावर लावायचं चित्र सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असलं की डोळ्याला बरं वाटतं. १८० सेंटीमीटरच्या सोफ्यावर १२० च्या आसपास. एकच चित्र तेवढं रुंद हवं असं नाही, दोन-तीन मिळूनही चालतात. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत १५ ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर चित्र आणि सोफा यांची एकमेकांशी ओळखच नाही असं दिसतं.

मग जुनी वर्तमानपत्रं जोडून बाहेरच्या मापाचा कागद कापा आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दोन दिवस तसाच राहू द्या. घरचे हसतील, हसू द्या. पडद्यावर बघून आकाराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. कागद समोर असला की मात्र जाता-येता कळतं की हे मोठं होतंय, हे दारामागे जातंय, इथे तर दुपारी ऊन येतं.

उन्हाचं तर मुद्दाम बघाच. ज्या भिंतीवर थेट ऊन पडतं तिथे कागदावरचं काहीही लावू नये, मग काच कितीही भारी असो. संग्रहालयांत कागदावरची नाजूक चित्रं साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात ठेवतात, तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतं. घरात कुणी लक्समीटर घेऊन बसत नाही, पण यावरून कागदाच्या नाजूकपणाचा अंदाज येतो. ओल धरणारी भिंत असेल तर तिचाही नाद सोडा.

पायरी २: मूळ चित्राची कुंडली काढा

चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याच्या नोंदीत जाऊन चार गोष्टी लिहून घ्या: वर्ष, माध्यम, माप आणि चित्र आत्ता आहे कुठे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि अर्ध्या चुका इथेच टळतात.

मापांचे धक्के बघा. दालीची वितळणारी घड्याळं कित्येकांना भिंतभर वाटतात, मूळ चित्र जेमतेम २४ × ३३ सेंटीमीटरचं आहे. जपानी चित्रकार होकुसाईची लाटही तशीच, साधारण २५ × ३७. उलट क्लिम्टचं ‘चुंबन’ १८० × १८० सेंटीमीटरचं, आणि पिकासोचं ‘गेर्निका’ जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. लहान चित्र मूळ मापात घरी आणता येतं. माझ्या मते प्रतिकृती घेण्यातलं सगळ्यात मोठं सुख तेच, कारण चित्रकाराने जेवढं काढलं तेवढंच आपण बघतो. ‘गेर्निका’ ७० सेंटीमीटर रुंदीत छापलं तर ते मूळ रुंदीच्या अकराव्या हिश्श्याइतकं होतं. एखाद्या आवडीच्या गोष्टीची आठवण म्हणून ते ठेवायला हरकत नाही, पण त्या चित्रासमोर उभं राहिल्यावर जे होतं ते त्यातून होणार नाही.

दुसरं बघायचं ते लांबी-रुंदीचं गुणोत्तर. बाजारातली तयार मापं ३० × ४०, ४० × ५०, ५० × ७० अशी ठरलेली असतात, आणि चित्रकारांनी काही ती मापं बघून चित्रं काढली नव्हती. व्हॅन गॉगची ‘तारांकित रात्र’ ७३.७ × ९२.१ सेंटीमीटरची आहे, म्हणजे योगायोगाने बरोबर ४:५. ४० × ५० मध्ये ती कुठेही न कापता बसते. तीच ५० × ७० मध्ये घेतली तर वरून-खालून आकाश आणि गाव कापलं जाणार, नाहीतर बाजूला पांढरी पट्टी राहणार. पट्टी चालेल, कापाकापी चालणार नाही. चौरस ‘चुंबन’ उभ्या चौकटीत विकायला ठेवलेलं दिसलं तर तिथून सरळ पुढे जा. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चंही १७१५ मध्ये असंच झालं होतं. नव्या जागी मावेना म्हणून मूळ चित्राच्याच चारही बाजू कापल्या. आपण ती परंपरा पुढे चालवायचं कारण नाही.

तिसरा मुद्दा रंगाचा. इंटरनेटवर ‘तारांकित रात्र’ शोधली तर दहा चित्रांत दहा निळे मिळतात. यातला खरा कुठला? संग्रहालयाने स्वतः काढलेला फोटो प्रमाण माना. अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो ही संग्रहालयं हक्कमुक्त झालेल्या चित्रांचे मोठे फोटो फुकट उतरवून घेऊ देतात. विकणाऱ्याला विचारा, ‘तुमची फाइल कुठून आली?’ नीट उत्तर आलं तर पुढे बोला.

अर्थात ‘खरा रंग’ ही वस्तूही थोडी निसरडीच. व्हॅन गॉगच्या ‘शयनगृहा’तल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण त्याने स्वतः पत्रात त्यांना फिकट जांभळ्या म्हटलं आहे. लाल रंगद्रव्य उडालं आणि निळं तेवढं उरलं. तेव्हा प्रतिकृती मूळ चित्राच्या आजच्या अवस्थेशी जुळली तरी पुष्कळ झालं.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. चित्रकाराच्या मृत्यूनंतर कुठे ६०, कुठे ७० वर्षं त्याच्या चित्राचा हक्क शाबूत राहतो. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला, क्लिम्ट १९१८ मध्ये, मोने १९२६ मध्ये; त्यांची चित्रं कुणीही छापू शकतं. पिकासो १९७३ मध्ये गेला आणि दाली १९८९ मध्ये, म्हणून त्यांच्या चित्रांची छपाई परवान्यानेच व्हायला हवी. हयात चित्रकाराची प्रतिकृती घ्यायची तर शक्यतो त्याच्याकडूनच घ्या.

पायरी ३: छपाई कशी आहे ते विचारा

‘झिक्ले प्रिंट’ हे शब्द सगळीकडे दिसतील. फ्रेंचमधल्या ‘फवारणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून जॅक डुगान या मुद्रकाने १९९१ मध्ये हा शब्द काढला, इंकजेट म्हटलं की कार्यालयातला प्रिंटर डोळ्यांसमोर येतो म्हणून. शब्द रुबाबदार आहे, पण त्याच्यावर कुणाचा पहारा नाही. कुठल्याही इंकजेट छपाईला कुणीही झिक्ले म्हणू शकतो. म्हणून शब्दावर न जाता तीन प्रश्न विचारा.

शाई कुठली? पिगमेंट शाईत रंगाचे बारीक घन कण असतात, डाय शाईत रंग विरघळलेला असतो. विरघळलेला रंग प्रकाशात लवकर उडतो. भिंतीवर वर्षानुवर्षं राहायचं असेल तर पिगमेंटच हवी.

फाइल किती मोठी? जवळून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हे माप धरतात. ६० × ८० सेंटीमीटरच्या चित्राला त्या हिशेबाने साधारण ७,०९० × ९,४५० पिक्सेल लागतात. सोफ्यावरचं चित्र आपण दीड-दोन मीटरवरून बघतो, तेव्हा १५० वरही भागतं, म्हणजे ३,५४० × ४,७२० च्या आसपास. याच्या खाली गेलं की कुंचल्याचे फटकारे मेणासारखे वितळलेले दिसू लागतात.

कागद कुठला? वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. चांगल्या कलाकागदात ते नसतं. सगळ्यात टिकाऊ म्हणजे शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित कागद. त्याच्या खालोखाल शुद्ध केलेल्या सेल्युलोजचा, ज्याला अल्फा सेल्युलोज म्हणतात. जाडी २५० ते ३१० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असली की हातात घेताच फरक कळतो. कागद अगदी झगझगीत पांढरा असेल तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारी रसायनं, असण्याची शक्यता मोठी. काही वर्षांत त्यांचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट वाटायला लागतो. किंचित दुधाळ पांढरा कागद मला केव्हाही जवळचा.

नमुना हातात मिळाला तर भिंग लावून बघा. रंगीत ठिपक्यांची फुलासारखी ठरावीक नक्षी दिसली तर ती ऑफसेट छपाई, म्हणजे पोस्टर. विखुरलेले बारीक कण दिसले तर इंकजेट. पोस्टर घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त ते पोस्टर म्हणून आणि पोस्टरच्या दामाने घ्यावं.

पायरी ४: कागद की कॅनव्हास?

तैलचित्र म्हणजे कॅनव्हास, असं सरसकट करू नका. कॅनव्हासवरच्या छपाईत कापडाचा विणलेला पोत मिळतो, रंगाचा उंचवटा मिळत नाही. काही जण वरून पारदर्शक जेलचे फटकारे ओढून देतात. छापलेला फटकारा एकीकडे जातो, जेलचा दुसरीकडे. लांबून भुलायला होतं, जवळून फजिती दिसते. मला ते अजिबात रुचत नाही. त्यापेक्षा मॅट कागदावर नेमकी छपाई, भोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट, असं प्रामाणिक काम चांगलं. होकुसाईसारखं मुळात कागदावरच छापलेलं चित्र तर कॅनव्हासवर घेऊच नये. जलरंगांचंही तेच.

कॅनव्हासचा फायदा वेगळा आहे: काच लागत नाही, त्यामुळे चकाकी नाही आणि वजन कमी. खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीला तो सोयीचा. घेतलात तर फ्लोटर फ्रेम विचारा; तिच्यात कॅनव्हासच्या कडेभोवती काही मिलिमीटरची फट राहते आणि कुठलीच कड झाकली जात नाही. कडेवर काय छापणार तेही विचारून घ्या. चित्रच वळवून कडेवर नेलं तर समोरचा भाग तेवढा कमी होतो.

हाताने काढलेली तैल-प्रतिकृतीही मिळते. पोत हवा असणाऱ्यांना तोच एक खरा मार्ग. पण ती काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून, आणि चेहरे हमखास बिघडतात. निसर्गचित्र निवडा, पूर्ण झालेल्या नेमक्या त्याच कामाचा फोटो मागा, आणि जाड रंग आतून वाळायला महिने लागतात हे लक्षात ठेवा. जाता जाता: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवाना घेऊन चित्रांच्या नकला करणाऱ्यांना मूळ मापाची नक्कल करायला मनाई आहे, म्हणजे पुढे कुणी ती खरी म्हणून खपवायला नको.

पायरी ५: फ्रेमच्या आत काय आहे?

बाहेरच्या पट्टीवर सगळे तासभर घालवतात, खरं काम मात्र आत असतं. फ्रेमवाल्याकडे गेलात तर पट्टीचे नमुने बघण्याआधी या तीन गोष्टी बोलून घ्या.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. तो शोभेसाठी असतोच, पण त्याचं मोठं काम चित्र काचेपासून लांब ठेवण्याचं. काचेला टेकलेला कागद दमट हवेत काचेलाच चिकटतो आणि सोडवताना शाई सोबत घेऊन जातो. माउंट नको असेल तर काच आणि चित्र यांच्यात बारीक स्पेसर पट्टी घालायला सांगा. पुठ्ठा आम्लरहितच हवा. साध्या पुठ्ठ्याची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तो डाग चित्रावर उतरतो. रंग किंचित दुधाळ पांढरा घ्या. चित्रातल्या लाल ठिपक्याशी जुळणारा लाल माउंट दुकानात मोहक वाटतो, घरी आल्यावर आधी माउंट दिसतो आणि मग चित्र.

काच. साधी काच स्वस्त, पण चकाकते. अतिनील किरण अडवणारी संवर्धन काच रंगांचं आयुष्य वाढवते. मात्र दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, तेव्हा ती लावून चित्र उन्हात ठेवायची मुभा मिळत नाही. प्रतिबिंब दाबणारी काच सगळ्यात महाग. खर्च एकाच ठिकाणी करायचा असेल तर मी तिथे करेन, कारण गडद चित्रावर साधी काच लावली की दिवसभर आपलंच तोंड दिसतं. मोठ्या मापात अॅक्रिलिकचा विचार करा. ६० × ८० सेंटीमीटरची २ मिलिमीटर जाड काच २.४ किलो भरते, तेवढंच अॅक्रिलिक सव्वा किलोच्याही आत. ते पडून फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात.

चित्र चिकटवलंय कसं? वरच्या कडेला दोन छोट्या कागदी बिजागऱ्यांनी लटकवलेलं असावं, म्हणजे कागदाला हवेप्रमाणे आकसायला-फुगायला जागा राहते. जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ ही त्याची जुनी, आजही मानाची पद्धत. साध्या चिकटपट्टीने कागदावर पिवळे डाग पडतात. स्वस्त पोस्टर मात्र खुशाल पूर्ण बोर्डवर चिकटवून घ्या, सुरकुत्या तरी पडणार नाहीत.

आता पट्टी. लाकडाची की अॅल्युमिनियमची, काळी की नैसर्गिक, हे तुम्ही ठरवा. चित्राशी जुळवा, सोफ्याशी नको.

पायरी ६: पैसे भरण्याआधी

लिहिलेलं माप नक्की कशाचं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ४० × ५० चं चित्र, भोवती ६ सेंटीमीटरचा माउंट, त्यावर ३ सेंटीमीटरची पट्टी, म्हणजे बाहेरून ५८ × ६८. उलट ‘५० × ७०’ हे बाहेरचं माप निघालं तर त्याच हिशेबाने आत चित्र उरतं ३२ × ५२ सेंटीमीटर. भिंतीवरचा वर्तमानपत्राचा कागद बाहेरच्या मापाचा होता, हे इथे आठवा.

‘मर्यादित आवृत्ती’ आणि ‘प्रमाणपत्र’ या शब्दांनी हुरळून जाऊ नका. २७/१५० (दीडशेतली सत्ताविसावी प्रत) असा आकडा हयात चित्रकाराने स्वतः घातला असेल, सही पेन्सिलीची असेल, तर त्याला अर्थ आहे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या चित्रकाराच्या तैलचित्राच्या इंकजेट छपाईवरचा तोच आकडा विक्रेत्याने घातलेला असतो. आणि सहीसुद्धा काय सांगते? दालीने आयुष्याच्या उत्तरार्धात हजारो कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. पुढे विकून पैसे होतील म्हणून प्रतिकृती घेत असाल तर ते पैसे बँकेत ठेवा.

परत करण्याची अट वाचा. मापाप्रमाणे बनवलेली फ्रेम बहुतेक जण परत घेत नाहीत, पण वाटेत फुटली तर जबाबदारी कुणाची हे लेखी असायला हवं.

पायरी ७: पार्सल आलं की

खोका उघडण्याआधी त्याचे फोटो काढा. मग दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, चित्र बघा. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली रंग जोखू नयेत. चौकटीचे चारही जोड बघा, नख जाईल एवढी फट असली तर ते काम कच्चं. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. काचेच्या आत केस, धूळ, किडा? हळूच हलवल्यावर आत काही वाजतंय? माझ्याकडे एकदा काचेच्या आत अख्खा डास आला होता, आकाशाच्या बरोबर मधोमध. पाठीमागे कागद किंवा पट्टीने कडा बंद केलेल्या असाव्यात.

पायरी ८: भिंतीवर

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर ठेवा. बहुतेक घरांत चित्रं यापेक्षा एक वीत वर लागलेली असतात. जिथे आपण बसूनच असतो तिथे आणखी थोडं खाली आणा.

गणित असं: फ्रेमची उंची ६८. फ्रेमच्या पाठीमागची तार मधोमध वर ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर खाली येते असं धरा. मध्य १४८ वर हवा, तर वरची कड १८२ वर, आणि हूक १७४ वर. आधी पेन्सिलने खूण, मग ड्रिल. भोकात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) घालून स्क्रू बसवा. काचेची फ्रेम नुसत्या खिळ्याच्या भरवशावर सोडू नका. एकाऐवजी दोन हूक थोड्या अंतरावर लावले तर दार आपटल्यावर दरवेळी फ्रेम वाकडी होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे ठिपके चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल आणि भिंतीवर काळी रेघ उमटणार नाही.

पुसताना फवारा काचेवर मारू नका, पाणी कडेतून आत झिरपतं. फडक्यावर मारा आणि मग पुसा. अॅक्रिलिकला अमोनियाचं द्रावण लावू नका, ते कायमचं धुरकट होतं. ओलसर मऊ कापड पुरतं. कॅनव्हासवर फक्त कोरडा मऊ ब्रश.

टांगण्याआधी एक काम राहतं. फ्रेमच्या पाठीवर चिठ्ठी लावा: चित्रकार, चित्राचं नाव, वर्ष, मूळ चित्र कुठे आहे आणि त्याचं माप, छपाईचा कागद आणि शाई, फ्रेम कधी केली. माझी ती मोठी मुलगी आता माळ्यावर आहे. तिच्या जागी ४४.५ × ३९ ची आली, आणि पाठीवरच्या चिठ्ठीत मापाखाली मी दोन रेघा ओढल्या आहेत.